कोंबडीच्या आतड्याला विचारा: ऑर्गन बाथचं प्रॅक्टिकल, पाण्यापासून पीए-टू पर्यंत

ॲड्रिनलीन आतड्यावर टाकलं तर आतडं सैल पडतं. तेच सशाच्या महाधमनीच्या पट्टीवर टाकलं तर पट्टी आवळते. श्वासनळीवर टाकलं तर ती मोकळी होते. गर्भाशयाचं तर अजून वेगळं, रॅटचं सैल पडतं आणि सशाचं आवळतं. बाटली तीच, औषध तेच. मग व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, 'ॲड्रिनलीन काय करतं' असा प्रश्न आला तर खरं उत्तर एकच, आधी सांगा कुठल्या टिश्यूवर, आणि त्या टिश्यूवर कोणता रिसेप्टर, म्हणजे औषध जिथं चिकटतं ती जागा, बसलाय. आमच्याकडं लातूरला बी. फार्मची लेकरं दरवर्षी औषधांची नावं आणि त्यांचे परिणाम तक्ता करून पाठ करायलेत आणि तक्त्यात नसलेला एक प्रश्न आला की गप बसायलेत, म्हणून ऑर्गन बाथचं, म्हणजे कोमट क्षारद्रावणाच्या भांड्यात जिवंत टिश्यू टांगून तिच्यावर औषध तपासायचं, हे प्रॅक्टिकल एकदा नीट लिहून काढतोय. मी वर्षानुवर्षं हे प्रॅक्टिकल घेतो आणि मला हे मनापासून आवडतं, त्यामुळं लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी परवानगीचं. पीसीआयच्या, म्हणजे फार्मसी कौन्सिलच्या, आताच्या सिलॅबसमध्ये प्राण्यांवरचे प्रयोग सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर दाखवायचे असंच आहे, पुद्दुचेरीच्या जिपमर संस्थेचं एक्स-फार्म हे सॉफ्टवेअर त्यासाठी चांगलं आहे आणि ग्राफ समजायला तेवढं पुरतं. गिनीपिग, रॅट, ससा वापरायचा तर कॉलेजचं रजिस्ट्रेशन आणि एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, त्याच्याशिवाय हात लावायचा नाही. पण चिकनच्या दुकानात रोज कोंबड्या कापल्या जातात आणि आतडी फेकून दिली जातात, खाटकाकडं बोकडाची श्वासनळी तशीच पडून असते. प्रयोगासाठी म्हणून कुठलाच जीव मारावा लागत नाही आणि टिश्यू खरी, जिवंत मिळते. कमिटीला एक अर्ज याच्यासाठी पण द्या, कागद असलेला बरा. मी पुढं सगळं कोंबडीचं आयलियम, म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग, धरून सांगतो, जिथं दुसरी टिश्यू लागते तिथं तसं म्हणेन.

आदल्या दिवशी: पाणी आणि टायरोड

निम्मी प्रॅक्टिकलं इथंच बिघडतात. टायरोड म्हणजे टिश्यूला जिवंत ठेवणारं क्षारांचं पाणी, १ लिटरला असं: सोडियम क्लोराइड ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२, कॅल्शियम क्लोराइड ०.२, मॅग्नेशियम क्लोराइड ०.१, सोडियम बायकार्बोनेट १, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.०५ आणि ग्लुकोज १ ग्रॅम. हे आकडे सगळ्यांच्या जर्नलात असतात, जे नसतं ते सांगतो.

कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या बीकरमध्ये विरघळवा आणि सगळ्यात शेवटी, बाकी सगळं भरपूर पाण्यात पातळ झाल्यावर, हलवत हलवत ओता. आधी टाकलं तर बायकार्बोनेट-फॉस्फेटबरोबर पांढरा साका बसतो, म्हणजे तुमचं कॅल्शियम तळाला आणि टिश्यू उपाशी. दुसरं, बाटलीवरचं लेबल वाचा. ०.२ ग्रॅम हा आकडा कोरड्या, पाणी नसलेल्या कॅल्शियम क्लोराइडचा आहे, कपाटात डायहायड्रेटची बाटली असली तर ०.२६५ ग्रॅम लागतं. हा फरक लई जणांच्या लक्षातच येत नाही. तिसरं, ग्लुकोज सकाळी वापरायच्या आधी टाका, रात्रभर ठेवलं तर जंतू खातात आणि सोल्यूशन गढूळ होतं.

आणि पाणी डिस्टिल्डच पाहिजे. आपल्याकडच्या बोअरचं पाणी कसलं जड असतं ते चहाच्या पातेल्याला बसलेला पांढरा थर बघून कळतं, तो थर कॅल्शियम-मॅग्नेशियमचाच. स्मूथ मसलचं, म्हणजे आतडी-रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूचं, सगळं काम कॅल्शियमवर चालतं, मग त्या पाण्यात केलेल्या टायरोडवर काय विश्वास ठेवणार. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या दिवसात डिस्टिलेशनचं युनिट चालवायचं मन होत नव्हतं कारण १ लिटर डिस्टिल्ड पाण्यासाठी त्याच्या कितीतरी पट पाणी कंडेन्सर थंड करायला वाहून जातं. तेव्हापासून आम्ही ते वाहून जाणारं पाणी ड्रममध्ये धरतो आणि काचेची भांडी धुवायला वापरतो. तुम्ही पण धरा.

सकाळी: दुकानातून टिश्यू आणणं

सकाळी दुकान उघडायच्या टायमाला जा. थर्मासमध्ये गार टायरोड घेऊन जा आणि दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवा की आतडं ओढून काढू नको, गरम पाण्यात तर अजिबात बुडवू नको. पिसं काढायला कोंबडी कडक गरम पाण्यात घालतात, त्याच्या आधीच आतडं काढलेलं पाहिजे नाहीतर मसल शिजून जातो आणि मग दिवसभर त्याच्यावर काही टाका, ते हलत नाही.

आयलियम ओळखायचं कसं? कोंबडीला दोन लांब सीका असतात, आंधळ्या पिशव्या, त्या जिथं मिळतात तिथून वर चला. वाटेत आतड्यावर एक छोटासा कोंब दिसतो, तो मेकेलचा डायव्हर्टिक्युलम. तो कोंब आणि सीकांचा जोड यांच्यामधला भाग म्हणजे आयलियम. मेसेंटरी, म्हणजे आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा, बारीक कात्रीनं कापत काढा, बोटानं ओढून तोडू नका. पिपेटनं टायरोड आत सोडून हळूच धुवा, जोर लावून पिचकारी मारली तर आतून फुगतं आणि मग तासभर ते वेड्यावाकड्या हालचाली करत बसतं.

टिश्यू कशी हाताळली त्याच्यावर उत्तर बदलतं, हे नुसतं मास्तरचं बोलणं नाही. फर्चगॉट नावाचा शास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीवर काम करायचा, त्याच्याकडं ॲसिटिलकोलीननं, म्हणजे मज्जातंतूंतून सुटणाऱ्या एका रसायनानं, पट्टी कधी आवळायची तर कधी सैल पडायची. शेवटी १९८० साली कळलं की पट्टी कापताना आतला नाजूक थर, एंडोथेलियम, घासून गेला तर ती आवळते आणि थर शाबूत राहिला तर सैल पडते, कारण त्या थरातून एक पदार्थ सुटतो आणि तो मसलला सैल करतो. तो पदार्थ पुढं नायट्रिक ऑक्साइड निघाला आणि फर्चगॉटला १९९८ चं नोबेल इतर दोघांसोबत मिळालं. तेव्हा कात्री धरताना हे आठवा.

बाथमध्ये बांधणं

२ ते ३ सेंटिमीटरचा तुकडा. सुईनं दोरा एका टोकाच्या भिंतीतून एकाच बाजूला ओवा, दुसऱ्या टोकाला समोरच्या बाजूला. पूर्ण तोंड आवळून गाठ मारली की नळीत पाणी अडकतं आणि औषध आत पोचत नाही, तोंड उघडंच राहिलं पाहिजे. खालचा दोरा एअर ट्यूबच्या हुकाला, वरचा हालचाल नोंदवणाऱ्या लिव्हरला (तरफेला) किंवा ट्रान्सड्यूसरला. ताण अर्धा ग्रॅम ते १ ग्रॅम. हवेचे बुडबुडे बारीक आणि सावकाश, टिश्यूवर आपटणारे नकोत, नाहीतर ग्राफवर जी कापरी रेघ येते तिला पोरं 'स्पॉन्टेनियस ॲक्टिव्हिटी' म्हणून जर्नलात लिहितात.

टेंपरेचर ३७ अंश. पुस्तकात थर्मोस्टॅट लावा एवढंच लिहिलेलं असतं पण आपल्याकडं मे महिन्यात दुपारी खोलीचंच टेंपरेचर ३९-४० होतं, थर्मोस्टॅट हीटर बंद करतो पण पाणी गार करायचं त्याच्या हातात नाही. म्हणून उन्हाळ्यात प्रॅक्टिकल सकाळी साताला सुरू करून अकराच्या आत गुंडाळा, आणि बाहेरच्या जारमध्ये गार पाणी थोडं थोडं घालत राहा. लाइटचा भरवसा नसेल तर एअर पंपाला बॅटरीचा बॅकअप ठेवा, मत्स्यालयाचा छोटा पंप असतो तो चालतो. हीटर बंद पडला तर टिश्यू सुस्त होते, गरम केली की परत येते, पण हवा बंद पडली तर मरते.

मग ३० ते ४५ मिनिटं थांबायचं, दर १०-१५ मिनिटांनी बाथमधलं टायरोड बदलायचं आणि दुसरं काही करायचं नाही. हे थांबणंच लेकरांना जड जातं. बेसलाइन, म्हणजे औषधाआधीची रेघ, सरळ झाल्याशिवाय पहिला डोस टाकला तर पुढचं सगळं वाया.

डोस

ॲसिटिलकोलीन पाण्यात टिकत नाही, रोज ताजं करा आणि बर्फात ठेवा. १ मिलिलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम अशा सोल्यूशननं सुरुवात करा. ५ मिनिटांचं चक्र धरा: पहिली ३० सेकंद नुसती बेसलाइन, मग डोस आणि ३० सेकंद संपर्क, लगेच तीन वेळा धुणं, उरलेला वेळ आराम. ०.१ मिलि, ०.२, ०.४, ०.८ असं दुपटीनं वाढवा. बाथ २५ मिलिचा असला तर १.६ मिलि टाकू नका, तेवढ्यानं बाथच पातळ होतो, त्याऐवजी दहापट तीव्र सोल्यूशनचे ०.१६ मिलि टाका. एकाच डोसचं उत्तर दोनदा सारखं आलं पाहिजे, तोवर पुढं जायचं नाही.

जर्नलात '०.१ मिलि' लिहून सोडू नका, टिश्यूला मिलि कळत नाही, तिला बाथमधली तीव्रता कळते. हिशोब करा: ०.१ मिलिमध्ये १ मायक्रोग्रॅम, तो २५ मिलिमध्ये पसरला म्हणजे मिलिला ४० नॅनोग्रॅम, ॲसिटिलकोलीन क्लोराइडचा रेणुभार १८१.७ धरला तर साधारण ०.२२ मायक्रोमोलर. आडव्या अक्षावर या तीव्रतेचा लॉग, उभ्या अक्षावर जास्तीत जास्त उत्तराच्या टक्क्यात उंची. एस आकाराची रेघ येते. ५० टक्के उत्तराला लागणारी तीव्रता काढा, तिच्या लॉगचं चिन्ह उलटं केलं की तो पीडी-टू.

आत काय होतं ते पण डोळ्यासमोर असू द्या. ॲसिटिलकोलीनचे रिसेप्टर दोन जातींचे, मस्कॅरिनिक आणि निकोटिनिक. इथं ते मस्कॅरिनिक रिसेप्टरवर बसतं, आवळण्याचं मुख्य काम त्यातल्या एम-थ्रीचं. तिथून जी-क्यू प्रोटीन, फॉस्फोलायपेज-सी, आयपी-थ्री अशी साखळी चालते आणि पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं. हे कॅल्शियम कॅल्मोड्युलिनला चिकटतं, ते मायोसिन लाइट चेन कायनेजला जागं करतं आणि मसल आवळतो. हाडाच्या मसलमध्ये असतं तसलं ट्रोपोनिन इथं नाही. हिस्टामिन आपल्या एच-वन रिसेप्टरवर बसून हीच साखळी ओढतं. म्हणजे नुसती उंच रेघ बघून कोणी ओढलं ते कळत नाही, दोघांची रेघ सारखीच.

ब्लॉकर: खरी चौकशी इथं

समजा तुम्हाला एक अनोळखी बाटली दिली, 'अ' लिहिलेली, टाकली तर आतडं आवळलं. आता?

आधी ॲट्रोपीन, म्हणजे मस्कॅरिनिक रिसेप्टर अडवणारा ब्लॉकर. ते टायरोडमध्येच मिसळा, फार कमी लागतं, १० नॅनोमोलर पुरे, आणि २० ते ३० मिनिटं टिश्यूला त्यातच राहू द्या. मग 'अ' परत टाका. आवळणं गेलं तर पोरं लगेच लिहितात, 'अ' मस्कॅरिनिक ॲगोनिस्ट, म्हणजे त्या रिसेप्टरला चेतवणारं, आहे. थांबा! गिनीपिगच्या आयलियमवर निकोटीन टाकलं तरी ते आवळतं आणि ते आवळणं पण ॲट्रोपीननं जातं. का? कारण निकोटीन मसलवर बसतच नाही, ते आतड्याच्या भिंतीतल्या मज्जापेशींवर बसतं, तिथून ॲसिटिलकोलीन सुटतं आणि मसलला तेच ओढतं. ॲट्रोपीननं शेवटची कडी तोडली, पहिली नाही. म्हणून दुसऱ्या ताज्या तुकड्यावर हेक्झामेथोनियम, मज्जापेशींवरचे निकोटिनिक रिसेप्टर अडवणारं, वापरून बघा, त्यानं गेलं तर 'अ' गँग्लियनवर, म्हणजे त्या मज्जापेशींवर, काम करायलाय, त्यानं काहीच फरक पडला नाही आणि ॲट्रोपीननं गेलं तर मग मस्कॅरिनिक म्हणा. निकोटीन लागोपाठ टाकलं की उत्तर आपोआप कमी होत जातं हे पण ध्यानात ठेवा, नाहीतर ते श्रेय ब्लॉकरला द्याल. आणि रिसेप्टरवर न बसता एन्झाइम अडवून आवळणारी औषधं पण आहेत, फायसोस्टिग्मिन त्यातलंच. ते आधी टाकून ठेवलं तर ॲसिटिलकोलीनचा छोटा डोस मोठं उत्तर देतो, तिथंच ते पकडलं जातं.

ॲट्रोपीननं गेलं नाही तर मेपिरॅमिन किंवा क्लोरफेनिरॅमिन, म्हणजे एच-वनचा ब्लॉकर. हे हिस्टामिनचं काम गिनीपिगच्या आयलियमवर किंवा बोकडाच्या श्वासनळीवर करा, रॅटच्या आतड्यावर करू नका, रॅट हिस्टामिनला फारच कमी दाद देतो. दोन्हीनं गेलं नाही तर मग बेरियम क्लोराइडसारखं काहीतरी असेल, जे रिसेप्टरला न विचारता थेट मसललाच आवळतं. ते पापाव्हेरीननं उतरतं, पण पापाव्हेरीन सगळ्यांनाच उतरवतं, त्यामुळं ते शेवटी, पहिलं नाही.

आता ब्लॉकर कसा आहे ते ग्राफ सांगतो. ॲट्रोपीनसोबत ॲसिटिलकोलीनची रेघ उजवीकडं सरकते पण समांतर राहते आणि डोस वाढवला की पूर्वीच्याच उंचीला पोचते, याला कॉम्पिटिटिव्ह म्हणायचं, म्हणजे एकाच जागेसाठी दोघांची चढाओढ. पापाव्हेरीननं उंचीच खाली येते. ॲट्रोपीनशिवाय आणि ॲट्रोपीनसोबत सारखंच उत्तर मिळवायला किती पट ॲसिटिलकोलीन लागलं तो डोस रेशो. समजा १० नॅनोमोलर ॲट्रोपीनला तो ११ आला. ११ मधून १ वजा, १०, त्याचा लॉग १. ॲट्रोपीनची १० नॅनोमोलर तीव्रता म्हणजे दहाचा उणे ८ घात मोलर, त्यातले ८ मिळवा, पीए-टू, म्हणजे ब्लॉकर किती जोरदार त्याचं माप, आला ९. शिल्ड नावाच्या शास्त्रज्ञानं १९४७ साली हे माप मांडलं. मात्र एका तीव्रतेवर समाधान मानू नका, निदान तीन घ्या, डोस रेशोतून १ वजा करून आलेला लॉग ब्लॉकरच्या तीव्रतेच्या लॉगसमोर मांडून रेघ काढा आणि तिचा उतार १ च्या जवळ आहे का बघा. उतार फारच वेगळा असला तर ते साधं कॉम्पिटिटिव्ह नाही, किंवा तुम्ही टिश्यूला ब्लॉकरसोबत पुरेसा वेळ दिला नाही. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दुसरंच असतं.

ॲड्रिनलीन बघायचं तर सशाचं जेजुनम, लहान आतड्याचा मधला भाग, लागतं, ते आपलं आपण लंबकासारखं हलत असतं आणि ॲड्रिनलीन टाकलं की शांत होतं. तिथं नुसतं प्रोप्रॅनोलॉल, बीटाचा ब्लॉकर, देऊन पूर्ण अडवता येत नाही कारण आतड्यात ॲड्रिनलीनचे अल्फा आणि बीटा हे दोन्ही रिसेप्टर सैलच करतात, फेंटोलॅमिन, अल्फाचा ब्लॉकर, सोबत द्यावं लागतं. रक्तवाहिनीत अल्फा-वन आवळतो, आतड्यात सैल करतो, नाव एकच. आता सॉफ्टवेअरवरच बघा, पण बघा जरूर.

श्वासनळी करायची असेल तर

बोकडाच्या श्वासनळीच्या चकत्या कापा आणि ५-६ चकत्या एकमेकीला बांधून साखळी करा, कारण एक चकती इतकी थोडी आखडते की लिव्हरला कळतच नाही. इथं टायरोडपेक्षा क्रेब्ज नावाचं क्षारद्रावण बरं आणि त्यातून ९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. ही टिश्यू लई संथ आहे, तासभर थांबा, संपर्क ३० सेकंद नाही तर दीड मिनिट तरी द्या आणि चक्र १५ मिनिटांचं ठेवा. हिस्टामिननं आधी आवळून घ्या, मग साल्ब्युटामॉल, दम्याचं औषध, टाका, बीटा-टू मधून सायक्लिक एएमपी वाढतं आणि रेघ हळूहळू उतरते. सैल करणारं औषध बघायचं तर आधी आवळलेलं काहीतरी पाहिजे ना. आपल्या बांधावरच्या अडुळशाच्या अर्कावर प्रोजेक्ट करणारे खूप आहेत आणि विषय चांगलाच आहे, अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन आलं. पण अर्क ज्या द्रवात विरघळवला तो द्रव एकटा टाकून बघायला विसरू नका, अल्कोहोलनं सैल पडलेल्या श्वासनळीचं श्रेय अडुळशाला देऊन बसाल.

टिश्यू हलतच नसेल तर

पोटॅशियम क्लोराइड टाका, बाथमध्ये ५० मिलिमोलरच्या आसपास. हे रिसेप्टरला बाजूला ठेवून पेशीचं व्होल्टेज बदलतं आणि कॅल्शियमची दारं उघडतं. त्यानं आवळलं आणि ॲसिटिलकोलीननं नाही, तर मसल जिवंत आहे, तुमचं ॲसिटिलकोलीन मेलंय किंवा बाथमध्ये मागच्या बॅचचं ॲट्रोपीन राहिलंय. ॲट्रोपीन काचेला आणि रबरी नळीला धरून बसतं, नळ्या बदला, बाथ गरम पाण्यानं खळखळून धुवा. पोटॅशियम क्लोराइडनं पण आवळलं नाही तर टिश्यू गेली, नवीन बांधा. बेसलाइन हळूहळू वर चढत असेल तर धुणं कमी पडतंय. काम झालं की टिश्यू बायोमेडिकलच्या पिवळ्या पिशवीत, बेसिनमध्ये नाही.

आता हे सगळं एवढ्या पोटतिडकीनं का सांगतोय. कपाशीवर, तुरीवर फवारणीच्या दिवसात ऑर्गनोफॉस्फेटची विषबाधा झालेली माणसं इथल्या दवाखान्यात येतात. ते विष ॲसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम अडवतं, म्हणजे तुमच्या बाथमधल्या फायसोस्टिग्मिनचंच काम, फक्त माणसाच्या अंगात: बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला लाळ, पोटात मुरडा, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर. डॉक्टर ॲट्रोपीन देतात, परत परत देतात, छाती कोरडी होईपर्यंत देतात, कारण समोर ॲसिटिलकोलीन जितकं जास्त तितकं ॲट्रोपीन जास्त लागतं, ही तीच उजवीकडं सरकलेली रेघ आहे. आणि छाती मोकळी झाली तरी हातापायातली ताकद लगेच येत नाही, कारण तिथले रिसेप्टर निकोटिनिक, ॲट्रोपीन त्यांच्यावर बसत नाही. नातेवाइक विचारतात, औषध चालू आहे तरी मान का धरवत नाही, तर त्याचं उत्तर इथं आहे.

विंचवाचं पण तसंच. आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला काम करत होते, लाल विंचवाच्या दंशानं लेकरं दगावायची. विषानं अंगात ॲड्रिनलीनसारख्या पदार्थांचा पूर येतो, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतला स्मूथ मसल अल्फा-वन मधून आवळतो, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी होतं. त्यांनी प्रॅझोसिन वापरलं, बीपीची गोळी, अल्फा-वनचा ब्लॉकर. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि तुमच्या सिलॅबसमध्ये प्रॅझोसिनचा पीए-टू काढायचं प्रॅक्टिकल आहे, रॅटच्या ॲनोकॉक्सिजियस मसलवर, सॉफ्टवेअरवर का होईना. त्या दिवशी लवकर या, माउस मी तुमच्याच हातात देणार आहे.